आवाज टोचायला लागला तेव्हा

मला गिटार आवडत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणाचा गैरसमज नको. सारा संसार तिच्या आवाजात गेला, तरी आवडली नाही. पण तिचा आवाज केव्हा बरा आहे आणि केव्हा बिघडला, हे मला कळतं. घरात म्हैस असली की दूध न पिणाऱ्यालाही नासलेलं दूध कळतंच.

आमचं घर अकोल्यात, जठारपेठेत. समोरच्या खोलीत माझ्या नवऱ्याचं दुकान. आधी हे रेडिओ आणि लाउडस्पीकर दुरुस्त करायचे. मग लग्नांत, गणपतीत ऑर्केस्ट्रा वाढले, तसे त्यांचे गिटार आणि अॅम्प्लिफायर यायला लागले. अॅम्प्लिफायर म्हणजे गिटारचा हळू आवाज मोठा करणारी पेटी. ह्यांचा हात बसला तो काचेच्या व्हॉल्व्हवाल्या जुन्या पेट्यांवर. व्हॉल्व्ह म्हणजे दिसायला बल्बच, पेटी सुरू केली की आत लालसर तापतात. मला वाटायचं, हा धंदा ह्यांच्या आधी मरेल. झालं उलटंच. आता अमरावतीच्या कॉलेजातली पोरं-पोरी पाठीवर गिटार लटकवून येतात आणि व्हॉल्व्हचाच आवाज पाहिजे म्हणतात. कोणाला गिटारच्या आतली तारेची गुंडाळी बदलून पाहिजे असते, कोणाला आवाज जरा जाड, कोणाला जरा उजळ. हे पेटीतले बारके कंडेन्सर बदलतात, खटके बदलतात, कथील वितळवून जोडाला डाग देतात, वाजवून पाहतात.

माझी शाळा चौथीपर्यंत. माहेर चांदूर बाजाराकडचं, बापाचा भाजीचा आणि फुलांचा मळा. चौथीनंतर मी बाजारात भाजीच्या ढिगामागे बसले. पेटीच्या आतलं मला काही कळत नाही. फक्त इतकं कळतं, की वायर काढून ठेवली तरी पेटीच्या आत करंट साठून राहतो, म्हणून उघड्या पेटीजवळ ओलं फडकं न्यायचं नाही. लग्न झाल्यावर ह्यांनी मला शिकवलेली पहिली गोष्ट ती. दुसरी काही शिकवली असेल तर आठवत नाही.

मागच्या उन्हाळ्यात दुकानातून येणारा आवाज टोचायला लागला. नव्या स्टीलच्या ताटावर कोणी चमचा ओढावा, तसा. मी पोळ्या लाटता लाटता बाहेर येऊन म्हटलं, "अवो, हे कानाले टोचून राहिलं."

"तुले काय समजते त्यातलं?" हे म्हणाले. "आधी तो कूलर बंद कर. काईच ऐकू येऊन नाई राहिलं."

आमचा समोरच्या खोलीतला कूलर ट्रॅक्टरसारखा चालतो. मे महिन्यात तो बंद करा म्हणणं म्हणजे मरा म्हणणं. मी पोळ्यांकडे परत गेले.

अमरावतीचा एक गिटारवाला आहे. ऑर्केस्ट्रात वाजवतो. मिसरूड फुटायच्या आधीपासून आमच्याकडे येतो, आता दाढीला कलप लावतो. त्याने आपली जुनी व्हॉल्व्हची पेटी ह्यांच्याकडे ठेवली होती, आवाज जरा मोकळा करून द्या म्हणून. काम करून दिलं. आठवडा झाला नाही तर पेटी घेऊन परत दारात.

"काकाजी, काम चांगलंच झालं हाय," तो म्हणाला. "पण थोडंसं... आवाज पुढे पुढे येते."

"पुढे येते म्हंजे? बैल हाय काय?"

"म्हंजे थोडासा टोचते."

"स्पीकर जुना झाला तुहा. कागद वाळला असन."

"असन बापा," असं म्हणून तो पेटी घेऊन गेला. थोड्या दिवसांनी पुन्हा आला. ह्यांनी पुन्हा उघडली, काहीतरी बदललं, बंद केली. मी आतून ऐकत होते. पहिल्यापेक्षा जास्त टोचत होती.

मी चहा घेऊन बाहेर गेले तर गिटारवाला ओट्यावर फोनवर बोलत होता. "नाई गा, बुढ्याचा हात गेला आता. दुसरा कोणी पाहा लागते." मला पाहिलं आणि फोन खिशात घातला.

"चहा घे," मी म्हटलं. "अन् फोनवर कायले सांगतं? आत जाऊन त्यायच्या तोंडावर सांग ना."

"काकू, कसं सांगू? माह्या पहिल्या गिटारीले पहिला डाग काकाजीनंच देला."

"म्हून काय आता टोचणारी पेटी वाजवशीन जन्मभर?"

त्याने चहा प्यायला, पेटी उचलली आणि गेला. सांगितलं नाही.

न सांगताही माणसाला कळतंच. पेटी नेलेले लोक दुसरी पेटी घेऊन यायचे, ते येईनासे झाले. हे दुपारी रिकामे बसायला लागले. मग जुन्या कामातले डाग उघडून पुन्हा द्यायला लागले. एकदा पाहिलं तर टेबलावरच्या दिव्यापुढे हात धरून बसले होते. बोटं थरथरतात का, ते पाहत होते.

जेवताना म्हणाले, "दिवाळीपावतर पाहतो. मंग दुकान बंद. हात गेला माहा."

ते मला पटलं नाही. माझी नजर कमी झाली आहे. गोधडी शिवायला बसले की सुईत दोरा हेच ओवून देतात. एका झटक्यात ओवतात. थरथरणाऱ्या हाताचं ते काम नाही. हात गेला नव्हता. मग गेलं काय, ते मात्र मला कळत नव्हतं.

पाऊस चांगला लागला तेव्हा कूलर पुसून, गोणपाटात बांधून ठेवला. घर एकदम शांत झालं. दिवेलागणीला आम्ही मागच्या पायरीवर बसलो होतो, मी अंबाडी निवडत होते. मागे नाली, तिच्या काठाला कर्दळ, आणि त्या कर्दळीत रातकिडे. इतके ओरडत होते की बोलायचं तर आवाज चढवावा लागत होता.

हे म्हणाले, "यंदा किडे काहून बोलून नाई राहिले? फवारणीनं मेले वाटते सारे."

माझा हात अंबाडीत थांबला. कर्दळ आमच्यापासून हातभर लांब होती. मी ह्यांच्याकडे पाहिलं. थट्टा करत नव्हते. मी "असन" म्हटलं आणि भाजी निवडत राहिले.

आतापर्यंतचा सगळा दोष कूलरने आपल्या अंगावर घेतला होता. तो बांधून ठेवला आणि खरं समोर आलं. बोलणं ऐकू येत होतं, दाराची कडी ऐकू येत होती. बारीक, टोकदार आवाज तेवढे ह्यांच्यासाठी जगातून निघून गेले होते.

सांगावं की नाही, ह्याचा मी विचार केला. हात गेला असं माणूस चारचौघांत सांगू शकतो. शिंप्याचा जातो, सुताराचा जातो, म्हातारपणी सगळ्यांचाच जातो. पण ज्याचा धंदाच आवाज ऐकण्याचा, त्याने कान गेले कसं सांगावं? न सांगता दिवाळीपर्यंत ओढलं असतं तर दुकान आपसूक बंद झालं असतं. सोपं होतं. पण मग हे राहिलेलं आयुष्य आपले धडधाकट हात मांडीवर घेऊन बसले असते आणि त्या हातांना दोष देत राहिले असते. ते मला पाहवलं नसतं. शिवाय गोडगोड बोलणं मला येत नाही, त्यामुळे कसं सांगावं ह्यात वेळ गेला नाही.

सकाळी चहा देताना म्हटलं, "तुमचा हात ठीक हाय. कान गेले."

"काय?"

"पाहा. हे बी ऐकू नाई आलं."

"ऐकू आलं मले!" हे ओरडले. "काईबी बोलतं सकाळी सकाळी."

"काल किडे बोलून राहिले होते. माहे कान फाटून राहिले होते अन् तुमी म्हणता मेले."

चहा तसाच ठेवून हे दुकानात गेले. दुपारपर्यंत तिथेच होते. कथलाचा वास येत होता, म्हणजे काहीतरी करत होते. मग हाक आली.

"इकडे ये वं. भिंतीकडे तोंड करून उभी राह्य."

टेबलावर गिटारला जोडलेली एक पेटी होती. तिच्यातून दोन वायरी काढून ह्यांनी एक बटण लावलं होतं आणि त्या वायरींना मसुराच्या दाण्याएवढा कंडेन्सर. बटण दाबलं की तो कामाला लागायचा, सोडलं की नाही. तो लागला की बारीक आवाज जास्त पुढे येतो, एवढं नंतर कळलं.

"आत हाय का बाहेर हाय, सांग."

"काय आत हाय?"

"टोचते का नाई टोचत, तेवढं सांग ना!"

मी भिंतीकडे तोंड केलं. ह्यांनी तारा छेडल्या. "टोचते," मी म्हटलं. पुन्हा छेडल्या. "आता नाई." पुन्हा. "आता टोचते." मग मला फसवायला दोनदा तसंच वाजवलं. मी म्हटलं, "बटण सोडलं नाई तुमी. तेच हाय."

मग नुसतीच तार वाजत राहिली. मी वळून पाहिलं. हे एका हाताने बटण दाबत होते, दुसऱ्या हाताने तार छेडत होते. दाबायचं, छेडायचं. सोडायचं, छेडायचं. मान कलती, तोंड थोडं उघडं, कायम ऐकताना असतं तसं. चेहऱ्यावर काहीच हलत नव्हतं, कारण ह्यांच्यासाठी काहीच बदलत नव्हतं.

तेव्हा मला समजलं काय चाललं होतं ते. ह्यांच्या कानाला प्रत्येक पेटी दबलेली वाटत होती. म्हणून हे प्रत्येक पेटी उजळ करत होते, त्यांना आठवतो तसा आवाज ऐकू येईपर्यंत. ह्यांना तो जसा पाहिजे तसा व्हायचा, तोवर लोकांच्या कानात सुई जायची. हाताने कधी चूक केलीच नव्हती. कानाने सांगितलं तेच बिचारा करत होता.

डॉक्टरकडे गेलो. कानात घालायचं मशीन मिळालं. त्याने बोलणं चांगलं ऐकू येतं, पण गिटार टिनाच्या डब्यात वाजल्यासारखी वाटते म्हणतात. कामाला बसले की काढून ठेवतात.

"आता तू सांगत जा," मला म्हणाले.

अमरावतीच्या गिटारवाल्याला ह्यांनी स्वतः फोन करून पेटी परत मागवली. तो ठेवून गेला. हे एक एक बदलत गेले, मी दारात बसून सांगत गेले. टोचते, अजून टोचते, आता कमी. शेवटी आवाज असा मऊ झाला की मला त्यात झोप आली असती. मला पसंत पडला. ह्यांना अर्थात तो फारच दबलेला वाटत होता, पण त्यांनी माझ्यावर सोडलं.

गिटारवाला आला, बसला, वाजवलं. ह्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "चांगलं हाय काकाजी. पण..."

"पण काय?" मी म्हटलं. "तोंड उघड ना बाप्पा. तुह्या ह्या पणापायी माणूस दुकान बंद कराले निघाला होता."

"काकू, आता त्याच्यावर गोधडी टाकल्यावानी झालं."

मला हसूच आलं. खरंच होतं ते. जिला गिटार आवडत नाही तिच्या हाती गिटारचा आवाज दिला, तर ती त्याला झाकूनच टाकणार. मी टोचणं काढलं, त्याबरोबर गिटारही काढून टाकली होती.

हे हसले नाहीत. म्हणाले, "कान गेले माहे. हात नाई, कान. सारेच हात समजले. मीबी."

गिटारवाल्याने मान खाली घातली. "मीबी तेच समजलो, काकाजी."

"असू दे. बस आता इथं. वाजव अन् सांग."

"तुमी म्हणान तसं करू."

"माह्या म्हणण्याचं काम नाई राहिलं. तुले कसा पाहिजे थे सांग."

आमच्या दुकानात असं कधी नव्हतं. पेटी ठेवायची आणि जायचं, हा ह्यांचा नेम. काम चालू असताना गिऱ्हाईक शेजारी बसलेलं ह्यांना खपायचं नाही. काकाजींनी दिला तो आवाज चांगला, असंच सगळे धरून चालत. त्यामुळे ह्या माणसाने एवढी वर्षं वाजवलं, पण आपल्याला कसा आवाज पाहिजे हे त्याला कधी स्वतःच्या तोंडाने सांगावंच लागलं नव्हतं. आधी त्याला शब्दच सापडेनात. थोडं असं, थोडं तसं, म्हणत हात हवेत फिरवायचा. मी म्हटलं, "एस्टीचा कंडक्टर हाय का तू, हात दाखवतं ते?" तेव्हा कुठे बोलायला लागला.

दिवाळी होऊन गेली, दुकान बंद झालं नाही. काम कमी झालं आहे. ज्यांना पेटी ठेवून जायची घाई, त्यांना हे आता घेतच नाहीत. बसून सांगशील तर ठेव, नाहीतर ने, असं तोंडावर सांगतात. काही जण नेतात.

पण त्या पहिल्या दिवशी गिटारवाला संध्याकाळपर्यंत बसला. वाजवायचा, थांबायचा. हे पेटी बंद करायचे, साठलेला करंट काढून टाकायचे, कंडेन्सर बदलून पुन्हा सुरू करायचे आणि त्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहायचे. शेवटी एकदा वाजवायला लागला तो थांबेचना, वाजवतच राहिला.

"आता?" ह्यांनी विचारलं.

"आता ह्याले हात नका लावू, काकाजी."

"पक्कं?"

"पक्कं."

ह्यांनी पुन्हा पेटी बंद केली. आधीच्या आणि आताच्या आवाजात ह्यांना काडीचा फरक ऐकू आला नसणार. तरी त्यांनी चष्मा पुसला, कंडेन्सरचे तारेचे लांब पाय कापून टाकले आणि कायमचा डाग दिला.