चार नंबरची स्लाइड

सिद्राम मामा गेल्याची बातमी मला कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळली. ‘आपल्या कॉलेजचे माजी शिपाई सिद्राम मामा यांचे अल्पशा आजाराने निधन. भावपूर्ण श्रद्धांजली.’ खाली ओळीनं जोडलेले हात. वीसपंचवीस जणांचे हात जोडून झाले आणि कुणाच्या तरी मुलाच्या वाढदिवसाचा केक आला, मग पुन्हा दोन हात, मग पुन्हा केक... मी सोलापूरला हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी विभागात सूक्ष्मदर्शकापाशी बसले होते. काचेवर एका बाईच्या गाठीचा तुकडा होता आणि त्यातल्या विभागणाऱ्या पेशी मी मोजत होते. मोजणी चुकली. पहिल्यापासून सुरू केली, पुन्हा चुकली. रडू नंतर आलं. आधी संताप आला, आणि तो त्या एका शब्दाचा आला. शिपाई! मामा शिपाई नव्हते. ते जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेचे परिचर होते, आणि मला विचाराल तर त्या कॉलेजात जीवशास्त्र येणारा तेवढा एकच माणूस होता. त्यांना शिपाई केलं गेलं. कुणी केलं आणि कशापायी, ते सांगायला मी हे लिहिते आहे.

कॉलेजचं नाव घेत नाही. धाराशिव जिल्ह्यातलं, कर्नाटकच्या अंगाला असलेलं एक गाव, एवढं पुरे. माझे वडील मेंढपाळ. आमचं घर अणदूरच्या बाजूला, पण अकरावीला मी मावशीकडे राहायला आले, कारण तिच्या गावात सायन्स होतं. सायन्स होतं म्हणजे पाटी होती. जीवशास्त्राचे सर वर्गात नोट्स वाचून दाखवत, आम्ही लिहून घेत असू. प्रयोगशाळेची किल्ली सरांकडे, पण दार उघडायचे मामा. पांढरा सदरा, खिशाला पेशी रंगवायच्या कार्मिनचे लाल डाग, आणि बोलण्यात मधूनच एखादा कानडी शब्द. ते स्वतः दहावी नापास होते. पेशीविषयी जे काही येत होतं, ते सगळं त्यांनी डोळ्यांनी मिळवलेलं होतं.

मुरुमच्या बाजारातून ते कांदे निवडून आणायचे. बारका, घट्ट, मुळांची चकती शाबूत असलेला कांदा. त्याला पाण्यावर मुळं फुटली की सकाळी आठच्या आसपास टोकं कापायची, कारण त्या वेळेला पेशी जास्त विभागलेल्या सापडतात हे त्यांनी वर्षानुवर्षं कापून कापून ठरवलं होतं. मग ॲसिडात ती टोकं स्पिरिटच्या दिव्यावर जराशी कोमट करायची, रंगात ठेवायची, काचेवर घेऊन वर पातळ काच, तिच्यावर टिपकागद आणि त्यावर अंगठा. अंगठा दाबायचा, सरकू द्यायचा नाही. सरकला की पेशी एकमेकींवर चढतात आणि सगळा चिखल होतो. माझ्या पहिल्या अकरा काचा चिखलच झाल्या. बाराव्या वेळी मामांनी काच उजेडाकडे धरली आणि सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. मी डोळा लावला. पेशींच्या चौकोनी खोल्या, भिंतीला भिंत लागून, आणि एका खोलीत लाल धागे मधोमध रांगेत उभे. हे काय, असं मी विचारलं. त्यावर ते जे बोलले ते त्यांनी मला दोन वर्षांत शंभर वेळा ऐकवलं असेल.

“म्या सांगनार न्हाय. तुला काय दिसतंय ते तू सांग.”

खरंच सांगायचे नाहीत. लई राग यायचा मला त्याचा. खालून जांभळ्या असणाऱ्या ऱ्हिओच्या पानाची साल काढायला लावली, मिठाच्या पाण्याचा थेंब टाकायला लावला आणि स्वतः बेसिनपाशी जाऊन बाटल्या धूत बसले. मी बघतेय तर जांभळा रंग भिंतीपासून सुटून आत आत गोळा व्हायला लागला. मी घाबरून हाक मारली, मामा, पेशी मेल्या! मामा म्हणाले, साधं पाणी टाक आणि बघत राहा. टाकलं. हळूहळू तो गोळा पसरला आणि परत भिंतीला जाऊन टेकला. मग त्यांनी दुसरी साल स्पिरिटमध्ये बुडवून मारून टाकली आणि तिच्यावर तेच करायला लावलं. ती ढिम्म. पाणी तेच, मीठ तेच, पण आत काय घ्यायचं, काय बाहेर सोडायचं हे ठरवणारं पातळ आवरण जिवंत असेल तरच हा खेळ होतो, हे मी त्या दुपारी स्वतःच्या तोंडानं बोलले. मामांनी फक्त मान डोलावली. पुढं मेडिकलला ते सगळं मोठमोठ्या नावांनी शिकले, पण समजलं होतं ते त्या बेसिनपाशी.

पेशी विभागताना धागे सुटे होऊन दोन टोकांना ओढले जातात, ती अवस्था मामांची फार आवडती. तेवढ्यापुरते मात्र ते स्वतःहून बोलायचे. “दोन्हीकडं सारखंच जातं बघ. एकाला जास्ती, एकाला कमी, असं तिथं चालत न्हाय.”

तिथं चालत नाही. आमच्या कॉलेजात मात्र चालायचं. बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेला दहा सूक्ष्मदर्शक मांडत आणि प्रत्येकाखाली ओळखायची एकेक वस्तू. त्या दहा वस्तू वर्षानुवर्षं त्याच, त्याच क्रमानं. त्यांची यादी वरच्या वर्गाकडून खालच्या वर्गाकडे येत असे, हळदीकुंकवाच्या वाणासारखी हातोहात. एक नंबर अमुक, दोन नंबर तमुक, चार नंबर मेटाफेज. मेटाफेज म्हणजे धागे मधोमध रांगेत उभे असतात ती अवस्था. मुलं रांगेनं जात, सूक्ष्मदर्शकावर नुसती मान वाकवत आणि यादी लिहून बाहेर पडत. बाहेरून आलेले परीक्षक जेवून सुस्तावलेले असत. सगळ्यांना भरघोस मार्क. यात कुणाला काही गैर वाटत नसे. याला कॉपी म्हणायचीसुद्धा पद्धत नव्हती.

आणि त्या चार नंबरच्या स्लाइडवर मेटाफेज नव्हतंच. पेटीतून आलेल्या स्लाइडला कुणीतरी चुकीचं लेबल डकवलेलं होतं. काचेवर शाईचं बारीक वर्तुळ करून जी पेशी दाखवलेली होती, तिच्यातले धागे सरळ सरळ दोन टोकांना निघालेले होते, म्हणजे ॲनाफेज. इतक्या वर्षांत इतक्या मुलांनी, एका सरांनी आणि इतक्या परीक्षकांनी ती पेशी ओळखली होती, आणि एकानंही ती पाहिली नव्हती. मामांनी सरांना दोनदा सांगितलं होतं. सर म्हणाले होते, लेबल तुम्ही छापलंय का? हे मला खूप नंतर कळलं. मामांनी मला ती स्लाइड कधी दाखवली नव्हती. परीक्षेच्या वस्तू आधी दाखवायच्या नसतात, एवढा साधा नियम त्या सबंध इमारतीत तेच पाळत होते.

परीक्षेच्या दिवशी चार नंबरवर मी डोळा लावला. यादी मलाही पाठ होती. पण डोळ्यांना जे दिसलं तेच हातानं लिहिलं, मामांनी सवयच तशी लावली होती. परीक्षकांनी माझ्या कागदावरून बोट फिरवलं आणि चौथ्या ओळीवर फुली मारली. मी म्हणाले, सर, ॲनाफेजच आहे. ते हसले आणि आमच्या सरांकडे बघून म्हणाले, तुमची पोरं यादीही धड पाठ करत नाहीत. हे त्यांनी बोलून दाखवलं, सगळ्यांच्या देखत, आणि सरही हसले.

मामा बेसिनपाशी काचा पुसत होते. त्यांनी फडकं खाली ठेवलं.

“साहेब, एकदा डोळा लावून बघा.”

एवढंच. आवाज चढवला नाही, पुढं पाऊल टाकलं नाही. दोन हातांवर सूक्ष्मदर्शक होता. वाकायला किती वेळ लागतो? परीक्षक वाकले नाहीत. आता परिचर आम्हाला शिकवणार का, म्हणाले आणि तरातरा प्राचार्यांच्या खोलीत गेले.

दुपारी वडिलांना बोलावून घेतलं. ते खांद्यावर घोंगडं घेऊन उभे होते, त्यांना कुणी बस म्हणालं नाही. परीक्षक बोर्डाकडे अहवाल पाठवायची धमकी देत होते आणि परीक्षेचं केंद्र जाईल म्हणून कॉलेजचे हातपाय गळाले होते. तोडगा आमच्या सरांनी काढला. कागद त्यांनीच लिहिला. परिचरानं विद्यार्थिनीला उत्तर सांगितलं, विद्यार्थिनीनं ते मान्य केलं, तिला समज दिली, परिचराला प्रयोगशाळेतून हलवलं. म्हणजे स्लाइड बरोबर, परीक्षक बरोबर, सर बरोबर, आणि चोर कोण, तर जो उत्तर कधीच सांगत नसे तो माणूस. सही केली नाही तर मुलीचा निकाल राखून ठेवावा लागेल, असं वडिलांना सांगण्यात आलं. वडिलांनी मला दाराबाहेर नेलं.

“सही कर पोरी. त्यांची नोकरी हाय, निभंल त्यांचं. तुझं साल गेलं तर पुन्ना शाळा न्हाय.”

मी सही केली. वडिलांवर मी कधी रागावले नाही, त्यांना एवढंच दिसत होतं. पण मला तर सगळं दिसत होतं. सतरा वर्षांची होते, धाकात होते, ही कारणं मी स्वतःला पुष्कळ सांगून बघितली. एकही पुरलं नाही.

मामा फाटकावर आले. घंटा द्यायची, सायकली लावून घ्यायच्या, साहेबांना चहा न्यायचा. मी दाखला न्यायला गेले तेव्हा फाटकातच गाठ पडली. मला वाटलं तोंड फिरवतील. त्यांनी विचारलं, चार नंबरला काय दिसलं होतं? मी म्हणाले, ॲनाफेज. “मग झालं तर,” म्हणाले आणि फाटक उघडून दिलं.

मी डॉक्टर झाल्यावर कॉलेजनं माझा सत्कार केला. सर माईकवर बोलले, ही माझी विद्यार्थिनी, सूक्ष्मदर्शकाची गोडी तिला आमच्या प्रयोगशाळेनं लावली. टाळ्या पडल्या. शाल आणि नारळाचं ताट घेऊन मंचावर कोण आलं असेल? मामा. त्यांनी ताट पुढं धरलं, सरांनी त्यातली शाल उचलून माझ्या खांद्यावर घातली, आणि मी ती घालून घेतली. माईक हाताशी होता. मी कॉलेजचे आभार मानले! सरांनी आणि परीक्षकांनी जे केलं ते केलंच, पण त्या दिवशी मला कुणी धमकावलं नव्हतं. तो पुरता माझा नालायकपणा होता.

मामा गेल्यावर कॉलेजात शोकसभा झाली, तिला मी रजा काढून गेले. सर आता निवृत्त आहेत. ते म्हणाले, सिद्राम हा अत्यंत प्रामाणिक शिपाई होता. मी उठले आणि कागदाची सगळी हकीकत सांगितली, माझ्या सहीसकट. कुणी घड्याळ बघितलं, कुणी कानावर हात ठेवले. नवे प्राचार्य सौम्यपणे म्हणाले, मॅडम, माणूस गेला, आता कशाला उकरून काढायचं? म्हणजे जिवंत होता तेव्हा त्याच्या पोटापाण्यासाठी गप्प बसायचं आणि मेल्यावर त्याच्या शांतीसाठी! मी प्रयोगशाळा उघडायला लावली. स्लाइड पेटीत होती, लेबल तसंच. जीवशास्त्राच्या नव्या शिक्षिकेला मी म्हणाले, बघा. तिनं बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि हळूच म्हणाली, हो, पण मॅडम, लिस्टमध्ये मेटाफेज आहे. मी तिथं फार वाईट बोलले. त्याचा मला पश्चात्ताप नाही. जुना कागद रद्द करावा असा लेखी अर्ज दिला, पोच घेतली, आणि तो कागद रद्द होईपर्यंत पाठपुरावा करणार आहे.

तिथून मामांच्या घरी गेले. मामी ओट्यावर वाकळ शिवत होत्या. मी ओळख सांगितली आणि मामा प्रयोगशाळेतून का गेले, तेही सांगायला लागले. त्यांनी मला थांबवलं. त्यांना माहीत होतं म्हणाल्या. डोळे अधू झाले, काचेतलं काही दिसंना, म्हणून मीच साहेबांना सांगून फाटकावर बदली मागून घेतली, असं मामांनी त्यांना सांगितलं होतं. घरात, गावात, पाहुण्यांत सगळ्यांना हेच. एका पोरीनं आपल्याविरुद्ध सही केली, हे त्या माणसानं बायकोलासुद्धा कळू दिलं नव्हतं.

मग मी सगळं सांगितलं. काही राखून ठेवलं नाही. मामी सुई थांबवून ऐकत होत्या. त्यांचं तोंड कठीण होत गेलं आणि मला वाटलं आता मला ऊठ म्हणतील, म्हणायलाच हवं होतं. मग ओट्यामागच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेली एक चिंधी त्यांनी काढून माझ्यापुढं धरली. तिच्यात सुया टोचलेल्या होत्या, प्रत्येकीत दोरा ओवलेला, टोकाला गाठ मारलेली. मला सुईचं नाकं दिसत नाही, हे कायम तेच ओवून द्यायचे, म्हणाल्या. उमरग्याच्या दवाखान्यात निघायच्या आधी खाटेवर बसून, चष्मा न लावता, डझनभर ओवून ठेवल्या होत्या.

“डोळे गेले म्हनायचे, आन् सुया ओवायचे. माझ्या कसं ध्यानात न्हाय आलं गं?”

मी चिंधीतल्या सुया मोजल्या. पाच उरल्या होत्या.