बाजारच्या दिवशीचा आरसा

तरुणपणी माझं तोंड मी आठवड्यातून एकदाच पाहायचो, जानेफळच्या बाजाराच्या दिवशी. लिंबाखाली न्हावी पोतं अंथरून बसायचा. दाढी झाली की टवका उडालेला आरसा हातात द्यायचा. घरी आरसा होता, पण बायकांच्या कुंकवापुरता; त्यात एक तर नाक दिसायचं, नाहीतर कपाळ. बाकीचे दिवस आपण कसे दिसतो ते समोरच्याच्या तोंडावरून समजून घ्यायचं.

मला नुकती मिशी फुटली होती. आरसा काही हातातून सुटेना. न्हाव्यानं तो हिसकून घेतला.

"ठेव बे आता! पाहून पाहून पातळ करतं का काय त्याले?"

बसलेले सगळे हसले. मी म्हटलं, "आज कुठं तुह्या आरशात पाहण्यासारखं काही आलं!" पुन्हा हसले, पण आता न्हाव्याला. तोही हसला. ती मिशी मी आजवर उतरवली नाही. माझ्या म्हातारीनं किती सांगितलं, तरी नाही.

आमची नात मेहकरच्या कॉलेजात शिकते. ती फोनात आपलं तोंड दिवसभर पाहते. कपाशीत उभी राहून रील काढायची, म्हशीसोबतसुद्धा. पण रीलमध्ये तोंड गोरं, नाक बारीक. मी विचारलं, ही कोण? "फिल्टर हाय आबा." फिल्टर म्हणजे गाळणी. आमच्या घरचा रंगच तिनं गाळून टाकला होता.

एकदा फिल्टर लावायचं राहिलं. रीलखाली कोणीतरी लिहिलं, खरं तोंड दाखवत जाऊ नको. त्याच्याखाली बाकीचे हसले. तेव्हापासून पोरगी घरातही तोंडाला ओढणी बांधू लागली. कॉलेज बंद. परीक्षेलाही बसणार नाही म्हणे.

"कोण हाय तो? बोलाव त्याले."

"तो कुठचा हाय तेच माहीत नाही, आबा."

"मंग त्याचं काऊन ऐकतं वं?"

"तुम्हाले नाही समजत."

खरंच समजलं नाही. आमचा न्हावी तरी समोर होता.

माझे हात आता थरथरतात, म्हणून मिशी नातच कातरते. बाजाराच्या दिवशी सकाळी ओट्यावर बसलो. ओढणी डोळ्यांवर येते म्हणून तिनं ती सोडून बाजूला ठेवली. तिचा एक डोळा फोनावर. कात्री मधेच थांबली.

"अवं माय! इकडची जास्त गेली. आरसा आणू?"

"कशाले? तू सांग, कसा दिसतो?"

ती आरसा आणायला आत वळली. मी टोपी घातली, पिशवी उचलली अन् निघालो.

"थांबा ना आबा! दुसरी बाजू बरोबर करते. लोकं हसतीन!"

"हसू दे. मी हाय ना उत्तर द्याले."

एसटीच्या थांब्यावर पानटपरीवाला ओरडला, "काय आबा, अर्धी मिशी म्हशीनं खाल्ली काय?"

मी तोंड उघडणार, तोच नात पळत आली, हातात कात्री. "काका, माह्याच्यानं कापल्या गेली. हसायचं तर मले हसा!"

तो हसला. तीही हसली. ओढणी ओट्यावरच राहिली होती. तिच्या ध्यानात नव्हतं, अन् मी काही आठवण करून दिली नाही. पुढं ती कॉलेजातही गेली, सुरुवातीला ओढणी बांधूनच. पण ते नंतरचं.

तेव्हा थांब्यावर, सगळ्यांसमोर, तिनं माझी हनुवटी धरली. "मान हालवू नका." कात्री चालवली, मागं सरकून पाहिलं. तिचं तोंड घामानं भिजलेलं, सावळं, उघडं.

"आता कसा दिसतो?"

तिनं ओठ दाबले. तिच्या तोंडावरूनच समजलं, मिशी अजून वाकडीच होती.