पाचवा काहून

पुण्यातलं तीन दिवसांचं प्रशिक्षण आटोपून अकोल्याच्या डाळमिलमध्ये परतले ती मी गुणवत्ता अधिकारी होऊन. भिंतीवर तक्ते लावले, दाराशी सूचनापेटी टांगली आणि तिची किल्ली माझ्या स्कूटीच्या किल्लीत अडकवली. पेटीचा निळा रंगही मीच निवडला होता. एवढं झाल्यावर मला गुणवत्ता सुधारल्यासारखंच वाटू लागलं.

मग एका गिऱ्हाइकाच्या तूरडाळीत खडा निघाला. मिलमधून निघालेली डाळ शेवटी हाताने निवडणाऱ्या मावशींना सोमवारपासून कामावरून बंद करा, असं शेठजींनी तडकाफडकी सांगून टाकलं. मावशींचं घर त्या मजुरीवर चालायचं. मला वाईट वाटलं. पण खरं सांगायचं तर, शिकून आलेलं वापरायला मिळणार याचा आनंद जास्त झाला. चूक झाली की माणूस धरू नका, पाच वेळा 'का' विचारा, असं तिथे शिकवलं होतं. पुण्यात तो 'का' फार मऊ वाटला होता. मी अमरावतीच्या राजापेठेत वाढलेली, माझ्या तोंडून 'काहून'च निघालं, आणि विचारपूस राहिली बाजूला, उलटतपासणीच सुरू झाली.

"मावशी, डाळीत खडा काहून आला?"

"चाळनी फाटली म्हनून. एवढे खडे येऊन राहिले, किती येचू?"

"काहून फाटली?"

"जुनी झाली."

"मंग बदलली काहून नाही?"

"कोनी आयकलंच नाही."

"सांगितलं काहून नाही?" प्रशिक्षणातून आणलेल्या पाच 'का'च्या फॉर्मचा चौथा रकाना भरत मी विचारलं.

"सांगतलं ना! तुमीच म्हनलं, लिहून पेटीत टाका. तीनदा टाकलं." मावशींनी सूप खाली ठेवलं. "पेटी काहून उघडली नाही, मॅडम?"

किल्ली माझ्याकडेच होती. पेटीत तीन चिठ्ठ्या निघाल्या, तिन्हींवर पेन दाबून लिहिलेली एकच ओळ: 'चाळनी फाटली.' मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

फॉर्मच्या तळाशी 'जबाबदार व्यक्ती' असा रकाना होता. तिथे मी मावशींचं नाव आधीच लिहून ठेवलं होतं. ते खोडून माझं लिहिलं आणि चिठ्ठ्यांसकट फॉर्म शेठजींपुढे ठेवला. त्यांनी मला चांगलंच झापलं आणि नवी चाळणी मागवली. मावशी राहिल्या.

पेटी अजून तिथेच आहे. किल्ली आता मावशींच्या कमरेला असते. चहाच्या सुट्टीत त्या पेटी उघडतात, निघालेली चिठ्ठी माझ्या हातात देतात, आणि मी ती वाचेपर्यंत समोरून हलत नाहीत.