बिनधडाची बाई

आनंदमेळ्याच्या तंबूत टेबलावर परात, परातीत बाईचं मुंडकं, आणि ते मुंडकं बोलायचं. टेबलाखालून आरपार दिसतं असं लोकांना वाटे. खरं तर टेबलाच्या पायांमध्ये दोन आरसे होते आणि त्यांच्यामागे बाई गुडघे पोटाशी दुमडून बसलेली असे. दिवसाला दहा खेळ, अशी पंचवीस वर्षं.

तंबू नवऱ्याचा, म्हणून नियमही त्याचाच. मेळा गावात आहे तोवर बाईने तंबूबाहेर पाऊल टाकायचं नाही. "पाय नसलेली बाई भाजी घेताना दिसली, तर उद्या आपलं तिकीट कोण काढणार?" तो म्हणायचा. बोलणं बिनतोड होतं, आणि भाजी त्याची बहीणच आणायची. बाईने शेकडो गावं पाहिली, पण कापडाच्या फटीतून.

लेक आठ वर्षांची असताना लाकडी घोड्यांच्या चक्रावरून पडली. तंबूपासून फार तर दहा पावलांवर. "आई! आई गं!" बाईला प्रत्येक हाक ऐकू येत होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं, त्याने नुसते डोळे वटारले. तेवढ्यात एका प्रेक्षकाने विचारलं, "बाई, खाल्लेलं जातं कुठे हो?" बाई हसून म्हणाली, "चव मला कळते ना, पुढची चौकशी तुम्हाला कशाला?" तंबू खो खो हसला. पोरीला आत्याने उचलून दवाखान्यात नेलं. मोडलेला हात जुळला, पण वाकडाच.

लेकीने त्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही. तेच बाईला जास्त लागलं. भांडली असती तर बरं झालं असतं. पुढे लेकीचं लग्न झालं, बाईचा नवरा वारला, तंबू विकला गेला. महिन्यातून लेकीचा एक फोन यायचा. तब्येत बरी? बरी. संपलं.

मग जुन्या वस्तूंना अचानक बरे दिवस आले. एका मॉलच्या मॅनेजरने जुन्या करमणुकीचं प्रदर्शन भरवलं आणि बाईला शोधून काढलं. "आजी, स्टेजवर तुमचा सत्कार करायचाय."

"उभं राहूनच ना?"

"म्हणजे काय!"

बाईने लेकीला फोन लावला. "ये बाळ. चारचौघांत मी चालत स्टेजवर जाणारेय, तेवढं बघ. आणि मला तुला एक सांगायचंय."

लेकीने तारीख-वेळ विचारून घेतली. मग, "येते."

त्या दिवशी बाई ठेवणीतले कपडे घालून तासभर आधी पोहोचली. मॅनेजर गोड हसला. "आजी, तसंच टेबल बनवून घेतलंय. सत्काराआधी पाचच मिनिटं त्यात बसाल? लोकांची फार इच्छा आहे हो." जिने आयुष्यभर कुणाला नाही म्हटलं नाही, ती आता काय म्हणणार? दोघांनी धरून तिला आरशांमागच्या बुटक्या स्टुलावर दुमडून बसवलं.

टक्कल पडलेले पुरुष नातवंडांना सांगत होते, "हिला पाहून मला आठवडाभर झोप नव्हती! काय दिवस होते ते!" होते ना. तिकीट काढून बघणाऱ्यांचे होते.

लेक आली ती मागेच उभी राहिली. तिने स्टेजकडे पाहिलं, मग परातीकडे. वाकड्या हातावरची पर्स सावरली आणि वळली.

"थांब गं!" बाई ओरडली. "मला ऐकू येत होतं! त्या दिवशी मला सगळं ऐकू येत होतं गं!"

तिने उठायला जोर लावला. गुडघे आखडले होते, हलेनात. बाई पुन्हा ओरडली, आणि लोकांना वाटलं हा खेळच आहे. "वा आजी! अजून काय आवाज आहे!" टाळ्यांचा कडकडाट झाला.

लेकीने दारातून मागे वळून पाहिलं. टाळ्या पडल्या की हसायचं, ही बाईची पंचवीस वर्षांची सवय; आताही तोंड आपोआप हसलं. बाईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण इतक्या लांबून ते कुठलं दिसायला? दिसलं ते हसू. ते पाहून लेक निघून गेली.