जावळाच्या सुतातल्या गाठी

सुलाबाईचा हात कधी रिकामा नसायचा. मेंढरांमागं माळावर चालताना, विहिरीवर पाळीला उभी असताना, इतकंच काय, कुणाच्या दुखवट्याला जाऊन बसली तरी तिच्या बोटांखाली सूत कातायची चाती गरगरत असायची आणि लोकरीचा धागा लांबत असायचा. विट्याच्या पूर्वेला माळावरच्या त्या वाडीत निम्म्या माणसांच्या खांद्यावरची घोंगडी तिच्या सुताची होती. धागा इतका एकसारखा, की विणकर केरू सनगर म्हणायचा, "सुलाआक्का, तुमचं सूत मागावर असलं की मला बसल्या बसल्या डुलकी काढता येती."

तिशीच्या आत नवरा गेला. तेव्हापासून वीस मेंढरं, ही चाती आणि एकुलता जालिंदर, एवढाच तिचा संसार. जालिंदर हाताशी आला आणि त्या भागातल्या इतर पोरांसारखा सोनं-चांदी गाळायच्या दुकानात कामाला लागला. पार तिकडं मद्रासकडं, सेलमला. सुलाबाईनं सख्ख्या भावाची लेक, हरणा, सून करून आणली आणि घरी ठेवून घेतली. जालिंदर वर्षातनं पंधरा दिवस यायचा, जायचा. अशी तीन वर्षं गेली.

चौसष्ट सालच्या श्रावणात त्याचं पत्र आलं. पोस्टमननं ओट्यावर बसून वाचून दाखवलं. पहिली ओळ आईच्या तब्येतीची, पुढच्या आठ ओळी हरणेच्या, आणि शेवटी: 'आता खोली घेतली आहे. दसऱ्याला येतो आणि हरणाला घेऊन जातो. तू नको म्हणालीस तर उंबऱ्यावरनं माघारी फिरेन. मग पुन्हा माझी वाट बघू नकोस.'

हरणा दारात शेणकूट थापत होती. तिचे हात थांबले. सुलाबाईची चातीही थांबली.

"हिनंच कान भरल्यात त्येचं," ती शेजारच्या दगडाबाईला म्हणाली.

"आगं, तिला लिवाय कुठं येतंय?"

"न लिवता भरल्यात!"

त्याच आठवड्यात अमावस्या होती. अवसेला आप्पासाहेब यायचे. आप्पासाहेब साताऱ्याचे. वीस वर्षं त्यांनी लष्करी दवाखान्यात जखमा बांधल्या होत्या आणि पेन्शनीत आल्यावर माणसांच्या मनाकडं वळले होते. एस.टी.नं विट्यापर्यंत, तिथनं पायी, आणि बिरोबाच्या देवळाच्या पायरीवर बैठक. अंगावर जुना खाकी कोट. कुणी पाया पडायला वाकलं की डाफरायचे, "ऊठ रं! मी म्हाराज न्हवं, पेन्शनर हाय." सांगणं एकच: सुख हुडकत बाहेर हिंडण्याआधी आपल्या आत काय चाललंय ते बघायला शिका; नुसतं बघता आलं तरी निम्मं ओझं उतरतं. वाडी माना डोलवायची आणि घरी जाऊन नेमानं भांडायची.

सुलाबाई बैठकीत सगळ्यात पुढं बसली. "आवं आप्पासाहेब, माझ्या सुनंला चार शबुद सांगा. तिच्यापायी माझ्या जिवाला सुख न्हाई."

"सून कुठाय?"

"घरी हाय."

"मग जी आलीया तिलाच सांगतो. दवाखान्यात जवान यायचं, म्हणायचं सगळं अंग दुखतंय. मी म्हणायचो, नेमकं कुठं? बोट ठेव. बोट ठेवल्याबगार दवा न्हाई. तुमचं बोट अजून सुनंवर हाय, सुलाबाई. सोताच्या दुखण्यावर ठेवा."

"ते कसं ठेवायचं?"

आप्पासाहेबांनी तिच्या हातातल्या चातीकडं बघितलं. "मन बिघडलं की तवाच्या तवा धाग्याला एक गाठ मारायची. कुणाला काय बोलायचं न्हाई. फुडच्या अवसेला मला दावा."

सुलाबाई तशी सांगितलेलं काम चोख करणारी. घरी आली आणि दुसऱ्या दिवसापासून गाठी मारायला लागली. भाकरीला डाग पडला, गाठ. चुलीत सरपण जास्त सारलं, गाठ. सारवताना हरणा गाणं गुणगुणत होती, त्याची एक. दगडाबाईशी दारात हसली, त्याची एक. पोस्टमन दिसल्यावर नुसतं वळून बघितलं, त्याच्या दोन. एका दिवशी हरणा दिवसभर गुमान राबली. बोट ठेवायला जागाच सापडेना. सांजेला सुलाबाईला काम राहून गेल्यासारखं वाटलं, म्हणून तिनं आदल्या दिवशीच्या चहाची गाठ आज मारून टाकली.

हे सगळं चाललं होतं जावळाच्या सुतावर. कोकराच्या अंगावरची पहिली लोकर म्हणजे जावळ, मऊ, काळीभोर. जालिंदर येईल तेव्हा त्याच्यासाठी घोंगडं करायचं म्हणून तिनं ती वर्षभर जपून ठेवली होती. हाताशी तेच सूत होतं, गाठी त्यालाच बसल्या.

भादव्याच्या अवसेला तिनं सुताचा गुंडा पदराखालून काढून आप्पासाहेबांपुढं ठेवला. चेहऱ्यावर साक्षीपुरावा आणल्याचा थाट.

आप्पासाहेबांनी धागा बोटांतनं सरकवला. "ही कशाची?"

"भाकरी करपली त्येची."

"ही?"

"गाणं म्हणत हुती."

"आन् ही मोठी?"

"ती माझ्याकडं बघून उगंच हसली."

बैठकीतली माणसं तोंडं फिरवून हसायला लागली. आप्पासाहेब मात्र हसले नाहीत. "ह्यात तुमी कुठं हाय, सुलाबाई? मी तुमच्या मनाचा माग काढा म्हणलो, तुमी सुनंच्या चुका वळून आणल्या. आता एकेक गाठ सोडवा. सोडवताना आठवा, तवा आपल्या आत काय हुतं. मला सांगू नका. सोताला सांगा."

सुलाबाईनं गुंडा उचलला. "पेन्शनर हाय म्हणतोय ते खरंच हाय," ती वाटेत दगडाबाईला म्हणाली, "सरकार उगं घरी बसवत न्हाई." आणि तडक केरूच्या मागावर गेली. दसरा दहा दिवसांवर आला होता.

केरूनं दोन हात सूत उलगडलं आणि कपाळावर हात मारला. "आक्का, ह्ये सूत हाय का जोंधळ्याचं कणीस? फणीतनं जायाचं न्हाई, ताणा तुटंल. कुणी केलं ह्ये?"

"अवसेवाल्यानं."

"त्यो सापडू दे मला. सोडवून आणा, मगच इनतो."

म्हणजे सुटका नव्हती. आप्पासाहेबांना डावलता आलं असतं, पण मागाला कसं डावलणार?

सुलाबाई ओट्यावर दाभण घेऊन बसली. काळ्या सुतातली काळी गाठ. तिच्या डोळ्यांना दिसेना. सूत दोनदा तिच्या हातून पिंजलं. हरणा आतून बघत होती. शेवटी हात पुसत आली, समोर बसली, सुताचं दुसरं टोक धरलं आणि बोटानं चाचपून गाठ पुढं करायला लागली. ती दाखवायची, सुलाबाई सोडवायची.

पहिल्या काही गाठी सुटल्या तेव्हा सुलाबाईच्या मनात फक्त आप्पासाहेबांना शिव्या होत्या. मग भाकरीची गाठ आली. आठवा म्हणाले होते, म्हणून तिनं आठवलं. भाकरी करपली नव्हतीच. जरासा डाग होता. ती भाकरी हातात घेताना मनात आलं होतं, दसऱ्यानंतर ही ताटात कोण टाकणार? ते मनात आलं आणि लगेच डाग दिसला.

तिनं दाभण खाली ठेवलं. परत उचललं.

"आत्ती," हरणानं पुढची गाठ धरली, "ही लय घट्ट हाय. कशाची वो?"

"तू गाणं म्हणत हुतीस त्येची."

हरणाचा चेहरा उतरला. "म्हणायचं हुतंसा की. मी गप बसले असते."

"म्हणून तर म्हणलं न्हाई."

"म्हंजी?"

सुलाबाई गाठीवर वाकली. बराच वेळ दाभणाचं टोक आत शिरेना. "ह्या घरात माझा मालक गेल्यावर कुणी गाणं म्हणलं न्हवतं, हरणे. तू आलीस आन् सारवता सारवता गुणगुणाय लागलीस. त्या दिशी ऐकताना वाटलं, ही गेली की भिताडं तेवढी ऱ्हात्याल."

"म्हंजी तुमी माझ्यावर रागावला न्हवता?"

"रागावले हुते की! कशी न्हाई? लय रागावले हुते." ती नाक शिंकरून म्हणाली. "पर राग वर वर हुता. खाली भ्या हुतं. ते मला ठावं न्हवतं."

हरणानं सूत सोडलं नाही. हळूच म्हणाली, "मी जाऊ नको का, आत्ती?"

आता नको म्हणणं सोपं होतं. पोरगी राहिली असती. ते सुलाबाईला लख्ख दिसलं आणि शब्द जिभेवर आलाही. पण हातात ती गाठ होती. ही आता बांधली, तर हिच्या जन्माला बसेल, असं काहीतरी तिच्या मनात आलं. आणि मन काय करू बघतंय, हे या खेपेला तिनं करण्याआधीच पकडलं.

"धर नीट सूत," ती खेकसली. "दसरा आलाय. केरू बोंबलंल."

सगळ्या गाठी सुटल्या, ती गाण्याची एक सोडून. केरूनं कुरकुरत ती कडेला घेऊन विणली.

जालिंदर आला तो खरंच उंबऱ्यावर थांबला, पिशवी खांद्यावर तशीच. "आई, काय ठरलं?"

"आधी पाय धू," सुलाबाई म्हणाली. "तिचं गठुडं कवाच बांधलंय. मेंढरं निम्म्या वाट्यानं दगडाबाईचा धुळा बघंल. आन् आता वर्षाला पंधरा दिस न्हाई, म्हयनाभर यायचं. दोगांनी."

विट्याच्या स्टँडवर गाडी लागली तेव्हा हरणा रडून बेजार झाली. सुलाबाईनं ते जावळाचं घोंगडं जालिंदरच्या हातातनं काढलं आणि तिच्या खांद्यावर टाकलं. "तुझ्यासाठी न्हवतं केलं," ती म्हणाली, "पर गाठी तू काढल्यास." गाडी वळेपर्यंत उभी राहिली आणि मग घरापर्यंत चाती न फिरवता चालत आली.

दिवाळीच्या अवसेला आप्पासाहेबांनी तिला लांबनंच हाक मारली. "काय सुलाबाई, सुख लागलं का?"

"कसलं सुख! घर खायला उठतंय. एकटीपुरती भाकरी थापाय हात उचलत न्हाई."

"मग?"

"मग काय न्हाई." तिनं चाती थांबवली आणि उजव्या हाताचं एक बोट आपल्या छातीवर ठेवलं. "हितं दुखतंय. सुनंवर न्हाई, पोरावर न्हाई. हितं."

आप्पासाहेबांनी सरकून पायरीवर तिला जागा करून दिली.

"आन् आता गाठी मारायला सांगू नगासा," बसता बसता ती म्हणाली. "केरू तुमाला हुडकतोय."