कूलरला आलेलं पीक

आमच्या कारखान्यातल्या कूलरला तिन्ही बाजूंनी दुहेरी बारीक जाळी असते. दुकानदार गिऱ्हाइकाला कौतुकाने सांगतात, "धूळ आत जाऊ नये म्हणून हो." मी शेजारी उभा असलो तर मान डोलावतो. धूळ कसली! ती जाळी ज्वारी आत जाऊ नये म्हणून आहे. माझ्या बहिणीच्या लग्नात जे झालं ते पुन्हा कुणाच्या घरी होऊ नये, एवढाच तिचा हेतू. आणि मनातलं सांगू? मला आजही वाटतं, व्हावं. ज्याच्या त्याच्या घरी एकदा तरी व्हावं.

मी फुलंब्रीकडच्या शेतकऱ्याचा एकुलता एक मुलगा, पाठीवर एक बहीण. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. आबा जगातल्या सगळ्या गोष्टींचे दोन ढीग करत, निजामावरच्या पोलीस ॲक्शनच्या आधीचा आणि नंतरचा. आधीचा पाऊस चांगला, आधीचे बैल चांगले, आधीची माणसं तर काही विचारूच नका. मी नंतरचा. त्यामुळे माझ्याकडून त्यांची एकच माफक अपेक्षा होती, वावर सांभाळावं. आणि मी दिवटा शहरात गेलो, धान्याच्या पत्र्याच्या कोठ्या बनवणाऱ्याकडे हात काळे करून काम शिकलो, आणि मुकुंदवाडीला स्टेशनजवळ शेड घेऊन कूलर बनवायला लागलो.

तेव्हा कूलर म्हणजे काय हे समजावून सांगावं लागे. पत्र्याची चौकोनी पेटी, तीन बाजूंना जाळीत भरलेलं गवत, तळाला पाणी. छोटी मोटर ते पाणी वर चढवून गवतावर सोडते आणि पुढचा पंखा ओल्या गवतातून हवा ओढून गार वारा फेकतो. हे मी इतक्या आवेशाने सांगायचो की ऐकणाऱ्यालाच घाम फुटायचा. सगळं ऐकून घेऊन लोक विचारत, "म्हंजी वारा इकत घ्यायचा? लिंबाखाली बसल्यावर वारा फुकट येतो की, भाऊ." माझ्या शेडात कूलर नुसते उभे होते. त्यातल्या एकात मांजरीने पिलं घातली. माझं यंत्र आवडलेली ती पहिली.

आबांनी मुदत दिली होती. "उन्हाळाभर खेळ. मिरगाला पेरणीच्या बैलांमागं हजर व्हायचं. हुकूम समज." शेतीत मला कमीपणा वाटत नव्हता. पण पंखा पहिल्यांदा गरगरतो, ओल्या गवताचा वास अंगावर येतो, तेव्हा पोटात ज्या गुदगुल्या व्हायच्या, त्या बैलांच्या शेपटामागे चालताना कधी झाल्या नाहीत. शेड गेलं तर त्या गुदगुल्याही गेल्या, आणि मग मी कोण उरणार होतो? मला नुसत्या विचाराने रडू यायचं. पण मी रडण्याऐवजी आणखी एक कूलर बनवायला घ्यायचो.

अशात बहिणीचं लग्न ठरलं. मुलगा दौलताबादचा, घरची सीताफळांची बाग. मुहूर्त ऐन वैशाखात, तोही भर दुपारचा. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सगळे आंदणात भांडी देतात, कपाट देतात. मी बहिणीला कूलर देणार, आणि आधी तो भर मांडवात चालवून दाखवणार! अख्ख्या तालुक्याचे पाहुणे एका जागी घामाघूम होऊन बसलेले. याहून चांगली जाहिरात कुठे मिळते? मी शेडातला सगळ्यात थोरला कूलर घासूनपुसून पोपटी रंगाने रंगवला.

"पाव्हण्यांसमोर तमाशा झाला तर माझ्याशी गाठ हाय," आबा म्हणाले, आणि कूलरकडे पाठ करून बसले. ते माझ्या कूलरसमोर कधीच बसले नव्हते. शेडात तर आजवर पाऊलही टाकलं नव्हतं.

लग्नाच्या दिवशी कूलर वऱ्हाडाच्या पाठीमागे, तोंड बोहल्याकडे करून उभा केला. तेवढ्यात माय हळदीकुंकवाचं ताट घेऊन आली. "नवी वस्तू लेकीच्या घरी चालली, पूजा नको?" तिने कूलरला पाच बोटं ओढली आणि वरून मूठभर अक्षता टाकल्या. आमच्याकडे अक्षता ज्वारीच्या, हळदीकुंकवात रंगवलेल्या. त्या वर्षी घरातली खायची ज्वारी तळाला गेली होती, म्हणून मायने आबांना न सांगता बियाण्याच्या कोठीत हात घातला होता. मायचं पाहून मावशीने मूठ टाकली, मावशीचं पाहून आत्याने. आपली मूठ राहिली असं व्हायला नको म्हणून गावातली एकूण एक बाई कूलरवर ज्वारी उधळून गेली. मी म्हणत होतो, "अगं, आत जाईल, आत जाईल." ऐकतंय कोण.

मंगलाष्टकं सुरू झाली आणि मी बटण दाबलं. विजेनेही त्या दिवशी माझी लाज राखली. पहिला झोत सुटला तसा अंतरपाट फुगला आणि जाऊन नवरदेवाच्या तोंडाला चिकटला. गुरुजींचा एक हात धोतरावर, एक हात उपरण्यावर, आणि 'सावधान' मात्र एरवीपेक्षा जोरात. मागच्या रांगेतली माणसं डोळे मिटून "हाऽऽ" करायला लागली. मानाची माणसं पुढे बसलेली असतात. ती एकेक करून उठली आणि मान पुढेच सोडून मागच्या रांगेत आली.

आणि मग अक्षतांचा शोध लागला. एरवी मागून टाकलेली अक्षता नवरानवरीपर्यंत कधी पोचत नाही, पुढच्याच्या टकलावर पडते. पण कूलरपाशी उभं राहून टाकली की वारा तिला थेट बोहल्यावर नेतो, हे कुणाच्या तरी ध्यानात आलं. झालं! अख्खं वऱ्हाड कूलरभोवती गोळा झालं. कुणी पुढून टाकतंय, कुणी मागून टाकतंय, मागून टाकलेली ओल्या गवतात जाऊन बसतेय. नवरानवरीवर ज्वारीची गारपीट चालली होती. बहीण मुंडावळ्यांआडून हसत होती. मी आनंदाने एका खुर्चीवर चढलो आणि कुणीही विचारलं नसताना ओरडून सांगू लागलो, "मुकुंदवाडीला स्टेशनजवळ शेड आहे!"

आबा मांडवाबाहेर लिंबाखाली उन्हाच्या झळा खात बसले होते.

संध्याकाळी आंदणाबरोबर कूलर दौलताबादला गेला. पुढचे चार-पाच दिवस मी शेडाच्या दारात गिऱ्हाइकांची वाट पाहिली. एकही फिरकलं नाही. मग एक सायकलस्वार आला, बहिणीच्या सासऱ्यांचा निरोप घेऊन. "यंत्राचं कायतरी झालंय. चालू ठिवता येईना, बंद करता येईना. दोघं बापलेक लगोलग या."

मी पिशवी उचलून आधी गाव गाठलं आणि आबांना निरोप सांगितला. आबांचा चेहरा बघवत नव्हता. "पोरीला सासरी बोल लागला असंल," ते म्हणाले, "तर मिरग-बिरग नाय. उद्याच्या उद्या शेडाला कुलूप." आम्ही लगेच एस.टी. धरली. मी मांडीवर पाने-पकडीची पिशवी धरून बसलो आणि दौलताबाद येईपर्यंत मनातल्या मनात कूलर वीस प्रकारे जाळून पाहिला. बहीण नवी नवरी. तिच्या आंदणाची खोड म्हणजे तिचीच खोड धरणार. मी शेडाची किल्ली खिशातून काढून हातात घेतली, आबांना द्यायची वेळ आली तर शोधाशोध नको.

घराच्या ओसरीवर ही गर्दी. बायका हळदीकुंकवाची ताटं घेऊन रांगेत उभ्या. पलीकडे खिडकीशी माझा कूलर दिसला, आणि लांबून वाटलं, रंग बरा टिकलाय. जवळ गेलो तर तो रंग नव्हता. तिन्ही बाजूंच्या जाळीतून बोट-बोट उंचीची ज्वारी बाहेर आली होती! हिरवीगार, दाट. पाणी वरून ठिबकतंय, पंखा घरघरतोय, आणि पीक मजेत डुलतंय. बहीण डोक्यावर पदर घेऊन दारात उभी होती. आमची नजरानजर झाली मात्र, तिने तोंडात पदर कोंबला आणि आत पळाली.

तिची सासू कूलरसमोर हात जोडून बसली होती. "सुनंचा पायगुण हो! नवरात्रात घटाला बी एवढं दाट धान येत नाय. आन बसला घट कुणी मधीच हलवतं का? बंद करायचं नाय, पाणी तोडायचं नाय."

सासरे घसा खाकरत पुढे झाले. "आन वारा? वारा कुठाय? समदं गवत पिकानं बुजून गेलं. यंत्र घरात चालू, आन मी लिंबाखाली झोपू ऱ्हायलो. काल शेजारच्या धनगराची शेळी मागली बाजू खाऊन गेली, तेवढ्यातून जरा झुळूक येती. म्या त्याला म्हणलं, बाबा, रोज पाठवत जा."

मला हसू आलं. ओठ चावले, मांडीला चिमटा काढला, काही उपयोग झाला नाही. बहिणीच्या सासरी, तिच्या सासऱ्यांसमोर, मी खदाखदा हसत सुटलो, आणि हसतानाच मला कळत होतं की आपला धंदा बुडाला.

आबा हसले नाहीत. त्यांनी पायातली चप्पल काढली, बांधावरून वावरात पाय टाकताना काढत तशी. कूलरपाशी उकिडवे बसले. एक कोंब अलगद उपटून मुळी पाहिली, बुडाची जांभळी झाक पाहिली, जिभेवर ठेवून पाहिला.

"हे बियाणं माझं हाय," ते म्हणाले.

"अक्षता होत्या, आबा," मी कसाबसा म्हणालो. "मायनं..."

"तुझ्या मायचं घरी बघू." ते व्याह्यांकडे वळले. "पाव्हणं, उगवण बघितली का? दाणा वाया गेला नाय."

"तेच म्हणतो मी," सासऱ्यांचा सूर बदलला. "बी लई भारी हाय. आमाला द्या की थोडं." दोघे म्हातारे माझ्या कूलरला टेकून बियाण्यावर बोलायला लागले. मी पकड हातात घेऊन उभा. शेवटी आबाच विहीणबाईंना म्हणाले, "ताई, घट हलवत नसत्यात, मान्य. पण दसऱ्याला घट उठत्यात ना? त्याचं धान टोपीत खोवत्यात ना?"

"व्हय."

"मंग ह्याचा दसरा आज."

सासूबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "असं आधी का नाय सुचलं कुणाला?"

मग काय विचारता! भर वैशाखात दौलताबादला दसरा झाला. आबांनी पहिला तुरा व्याह्यांच्या फेट्यात खोवला, व्याह्यांनी आबांच्या टोपीत. दाजींनी कानावर, शेजाऱ्यांनी खिशाला. जो तो एकमेकांच्या पाया पडत होता, शेळीलाही शेवटचा घास मिळाला. जाळी मोकळी झाली तसं मी नवं गवत भरलं, पाणी सोडलं, बटण दाबलं. वारा असा सुटला की सगळ्यांच्या टोप्यांतले हिरवे तुरे मागे वाकले. सासरे कूलरसमोर ठिय्या मारून बसले, डोळे मिटले आणि बराच वेळ त्यांनी घसासुद्धा खाकरला नाही. डोळे उघडून म्हणाले, "बागेतल्या खोलीला अजून एक पायजे. पण पीक न येणारा." मागून शेजारी म्हणाला, मलाही. त्याच्या मागून आणखी कुणी. मी 'हो, हो' म्हणत सुटलो होतो आणि बहीण आतून मला 'पुरे आता' अशा खुणा करत होती.

परतीच्या एस.टी.ची वाट पाहताना आबांच्या टोपीत तुरा तसाच होता. उपरण्याच्या ओल्या टोकात त्यांनी चार मुळासकटचे कोंब गुंडाळून घेतले होते. ते टोक नीट खोचत त्यांनी विचारलं, "मिरगाच्या आत व्हतील का?"

"काय, आबा?"

"यंत्रं. जबान दिलीस ना लोकास्नी?"

"होतील. पण मिरगाला तर मला..."

"तुझी पेरणी झाली की," आबा रस्त्याकडे बघत म्हणाले. "आमची आमी करू."

मी शेडाची किल्ली खिशात टाकली. मला एस.टी.च्या टपावर चढून नाचावंसं वाटत होतं, पण आबा शेजारी होते.

त्या वर्षीच्या खऱ्या दसऱ्याला मी शेडात पाने-पकडींची पूजा मांडून बसलो होतो. दारात आबा. पहिल्यांदाच आलेले. त्यांच्या हातात ज्वारीचं एक भरदार कणीस होतं. ते चार कोंब त्यांनी विहिरीच्या कडेला लावून जगवले होते, हे मला मायनेही सांगितलं नव्हतं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, चप्पल दाराबाहेर काढली, आणि कणीस दाराच्या चौकटीला सुतळीने बांधलं.

"तुझ्या वावरातलं पयलं कणीस हाय," ते म्हणाले.

मी हसायला गेलो आणि मला रडूच कोसळलं.

"रडतो कशाला?" आबा एक रिकामी पेटी ओढून कूलरसमोर बसले. "पंखा लाव. लई उकडू ऱ्हायलं."