धुऱ्यावरचा करंट

निवृत्तीनंतर कितीतरी गुन्हे विसरलो, पण एका मासेमाराला लागलेला करंट काही विसरता येत नाही. त्या प्रकरणात गुन्हेगार सापडला नाही, आणि त्याचंच मला समाधान आहे. नावं कुणाचीच लिहीत नाही.

मी तेव्हा चंद्रपूर जिल्ह्याच्या पूर्वेला, मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावांच्या पट्ट्यात ठाणेदार होतो. तिकडे रानडुकरांपासून धान वाचवायला काही जण शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, तार ओढून तिच्यात चोरून वीज सोडतात. डुक्कर मरतं, कधी वाघ मरतो, कधी माणूस. असे पंचनामे मी इतके केले होते, की तार दिसली की कलम आपोआप आठवायचं.

एका सकाळी दहाच्या सुमारास बीट जमादाराचा फोन आला. तलावाच्या पाळीजवळ, काठच्या मातीच्या भरावाशी, जाळं फेकताना एक मासेमार करंट लागून पडला होता. पाळीला लागून पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या एका मुसलमान मिस्त्रीचं शेत होतं आणि धुऱ्यावर नवी कोरी तार. मिस्त्रीने तार विकत घेतल्याची खबर मला आठवडाभर आधीच मिळाली होती. मी मनात म्हणालो, सापडला!

गावकऱ्यांनी मिस्त्रीची कॉलर धरून ठेवली होती. तारेचं टोक मोकळं होतं. आम्ही ठरवलं, यानेच घाईघाईत विजेच्या खांबावरून काढलं असणार. मासेमार पाणी पिऊन उठून बसला होता आणि मिस्त्रीकडे बोट दाखवत होता. दवाखान्यात जायला तयार नव्हता. त्याला दुपारी ठाण्यात फिर्याद द्यायला बोलावलं आणि मिस्त्रीला ताब्यात घेतलं.

"तार कशाला ओढली?" मी दरडावून विचारलं.

"झटका मशीन लावणार होतो साहेब, बॅटरीवालं. परवानगीचं. मशीन अजून आलंच नाई. अन् या हप्त्यात शेतीची लाइन रातची होय. सकाळी दहाले करंट आणू कुठून?"

लाइनमनला फोन केला. लाइन खरोखरच बंद होती. तरी मी हटलो नाही. ज्याला विजेचं काम येतं त्यानेच ते केलं, असं मानायला आम्हा पोलिसांना फार आवडतं.

"साहेब, त्याची बाई बाजूलेच पाण्यात जाळं धरून उभी होती," मिस्त्री म्हणाला. "तिले काऊन नाई लागला?"

मी ते ऐकलं आणि लिहीत राहिलो. अटकेचा पंचनामा अर्धा लिहून झाला होता. सही झाली असती, तर तो माणूस तुरुंगात गेला असता.

दुपारी मासेमार बायकोसोबत आला. मी म्हणालो, "पडलास तेव्हा काय करत होतास, करून दाखव." त्याने जाळं फेकतात तसा डावा हात मागे नेला, जोरात पुढे झटकला, आणि किंचाळून कोसळला. ठाण्याच्या कोरड्या फरशीवर! जवळपास एकही तार नव्हती.

बाकावरून मिस्त्री म्हणाला, "आता कोणाची तार, साहेब?"

बायकोने रडत नवऱ्याच्या शर्टाची बटणं सोडली. गळ्याजवळच्या डाव्या हाडाखाली फुगवटा होता. "नागपूरले मशीन बसवली होती, दिल अचानक बिघडला तर झटका द्यायले."

"हे सकाळी काऊन नाही सांगितलं, बाई?" मी विचारलं.

"तुमी तारीचंच इचारून राह्यले होते."

मिस्त्री तोवर उठून आला होता. "मशीनची आतली तार तुटली असन. मोटारीतबी असंच होते, तार हालली का ठिणगी. याचा हात हालू देऊ नका." त्याने स्वतःच्या खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि मासेमाराचा हात छातीशी बांधून टाकला. ज्याने सकाळी त्याच्याकडे बोट दाखवलं होतं, त्याचाच हात! मला लाज वाटली. चंद्रपूरपर्यंत तो आमच्या गाडीत त्याला धरून बसला. वाटेत एकही झटका लागला नाही.

जिल्हा रुग्णालयात डॉक्टरांनी त्या फुगवट्यावर चुंबक चिकटवलं. त्याने मशीनचे झटके थांबतात, असं ते म्हणाले. नागपूरला मशीनमधली नोंद वाचली, तेव्हा दोन झटके निघाले: एक सकाळी दहाचा, एक आमच्या ठाण्यातला. वर्षानुवर्षं जाळं फेकून, मशीनपासून हृदयात जाणारी तार हाडाखाली घासून तुटत आली होती. हात हलला की तिच्यात खरखर व्हायची, आणि मशीनला वाटायचं की हृदयच बेफाम झालंय. मिस्त्रीचं निदान बरोबर होतं. नवी तार बसवली आणि माणूस वाचला.

महिन्याभराने, मी तिथेच असताना, मासेमार मिस्त्रीच्या दुकानासमोर, भर बाजारात, हात जोडून उभा राहिला. "भाऊ, तार माह्यातलीच तुटली होती. नाव तुह्यं घेतलं."

"जिता हायेस ना? बस मग. चहा पे," मिस्त्री म्हणाला.

तेव्हापासून जबाब घेताना मी आधी समोरच्याला त्याचं त्याचं बोलू द्यायचो, माझे प्रश्न नंतर. आणि त्या दिवशी चहा पिता पिता मीही मिस्त्रीची माफी मागितली. सगळ्या नोकरीत संशयिताची माफी मी तेवढी एकदाच मागितली. मागायला हवी होती अशा वेळा मात्र बऱ्याच होत्या.